लंबकबाईंचा सहावा विद्यार्थी

लंबकबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. भौतिकशास्त्राच्या या बाई दोरीला काहीही बांधून झुलवायच्या: कुलूप, बटाटा, एकदा तर मुख्याध्यापकांच्या चष्म्याचं घर. झुलवून झालं की विचारायच्या, "काय दिसलं?" पुस्तकातलं उत्तर दिलं की चिडायच्या. "पुस्तकात काय आहे ते मला ठाऊक आहे. तुला काय दिसलं?"

माझं केस कापायचं दुकान शाळेच्या समोरच आहे, त्यामुळे बाईंचा आवाज मला वर्षानुवर्षं फुकट ऐकू यायचा. त्यांच्या वर्गात बसायची वेळ माझ्यावर येईल असं मात्र कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं असं, की माझ्या भाचीला पूल बांधायला शिकायचं होतं, आणि तेही त्या नावाजलेल्या कॉलेजात, जिथे शंभरातल्या पाच-सात जणांनाच घेतात. त्यांची अट साफ होती. रसायन, जीवशास्त्र आणि भौतिक, तिन्ही विषय शाळेत शिकलेले हवेत, आणि प्रत्येकात स्वतःच्या हातांनी केलेले प्रयोग हवेत. भाचीचे दोन विषय झाले होते. तिसरा घ्यायला ती गेली, तर भौतिकाचा वर्गच बंद! सोप्या विषयांत भरघोस गुण मिळत असताना अवघड विषयाच्या वाटेला जातंय कोण? किमान सहा विद्यार्थी असल्याशिवाय वर्ग भरत नाही, आणि नाव दिलेली ही एकटीच.

"दोन विषयांत उत्तम गुण आहेत की," मी बाईंना म्हटलं. "तेवढ्यावर नाही का घेणार?"

"गुण सगळ्यांकडेच असतात हो. अवघड समोर असताना पोरीने ते घेतलं की टाळलं, हे त्यांना बघायचं असतं. आणि इथे तर तिच्यासमोर ते ठेवलेलंच नाही. दोष तिचा नाही, पण दार तिलाच बंद होणार."

मग बाईंनी शाळेचा एक जुना नियम शोधून काढला: गावातल्या मोठ्या माणसांनाही वर्गात नाव घालून परीक्षेला बसता येतं. मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला, पण नियम म्हणजे नियम. बाई घरोघर फिरल्या. माझी बहीण, म्हणजे पोरीची आई, तयारच होती. बेकरीवाल्या काकू आल्या, निवृत्त बसचालक आला, त्याची बायको त्याच्यावर लक्ष ठेवायला आली. पाच झाले. सहावा कोण, हे सांगायला नकोच.

रोज सकाळी शाळा भरायच्या आधी आम्ही प्रयोगशाळेच्या उंच स्टुलांवर बसायचो. काकूंच्या हाताला पिठाचा वास, बसचालकाचे पाय जमिनीला टेकत नसत म्हणून तो वैतागलेला. बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझी कात्री मागून घेतली आणि टेकू कुठे, जोर कुठे, भार कुठे हे तिच्यावर दाखवलं. त्या दिवशी मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तरफ समजावून सांगितली. दोन गिऱ्हाइकं पळाली.

पण विजेचा धडा आला आणि माझं घोडं अडलं. माझा दिवा काही केल्या पेटेना. बसचालकाचा पेटला, तो माझ्याकडे बघून हसला, आणि मी तावातावाने निघून आलो. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही.

दुपारी बाई दुकानात आल्या, खुर्चीत बसल्या. "कापा," म्हणाल्या. मी कापड गुंडाळलं.

"तुम्ही नसलात तर पाच उरतात," त्या आरशातून म्हणाल्या. "पाचांचा वर्ग भरत नाही."

"मला जमत नाही, बाई. या वयात हसं होतंय माझं."

"जमायलाच हवं असं कोण म्हणालं? बसायला हवं."

मला इतकी लाज वाटली, की बाईंचे केस एका बाजूला आखूड कापले गेले. त्या तशाच वाकड्या केसांनी महिनाभर शिकवत राहिल्या. मी पुन्हा एकही दिवस चुकवला नाही.

परीक्षेत भाची पहिली आली. बसचालकसुद्धा पास झाला. मी दोन गुणांनी नापास! बाईंना गाठलं. "दोनच गुण, बाई! टाका ना पदरात. कोणाचं काय बिघडणार आहे?"

"तिचं बिघडेल," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दोन फुकट दिले, तर तिला दिलेल्या गुणांना काय किंमत राहिली? माझ्या सहीवर ती तिथे जाणार आहे."

राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री जेवताना भाचीकडे बघितलं आणि घास गिळता गिळता वाटलं, की अशी बाई या पोरीच्या वाट्याला आली हे आमचं केवढं नशीब. भाचीला प्रवेश मिळाला. जाताना ती आधी बाईंच्या गळ्यात पडली, मग माझ्या. बरोबरच केलं तिने.

नवं वर्ष सुरू झालं आणि बाई पुन्हा माझ्या खुर्चीत येऊन बसल्या.

"यंदा दोन मुली आहेत," म्हणाल्या. "मोठी माणसं गोळा करतेय. तीन मिळाली. पास झालेल्यांना पुन्हा बसता येत नाही, म्हणून काकू नाहीत, बसचालक नाही, त्याची बायको नाही, तुमची बहीण नाही."

मी कापड झटकलं. आरशात त्या माझ्याकडेच बघत होत्या. नापास झालेला माणूस पंचक्रोशीत एकच होता.

"सकाळी त्याच वेळेला ना?" मी विचारलं.

"त्याच. आणि वीज पुन्हा पहिल्यापासून आहे हं. यंदा तरी पास व्हायचं ना?"

मी कात्री उचलली.

"पुढच्या वर्षी किती मुली आहेत ते आधी सांगा."