सिंगापूर का चांगलं, हे मी मुलाला समजावलं

गेल्या रविवारी दुपारी निखिलचा सिंगापूरहून फोन आला. निखिल माझा एकुलता एक मुलगा, सहा वर्षं तिथल्या एका बँकेत आहे. त्याचे बाबा गेल्यापासून इथं बेंबळी गावात मी एकटीच असते... ज्युनियर कॉलेजात कॉमर्स शिकवायचे, आता रिटायर झालेय.

"आई, इथं कायमचं राहायचा अर्ज करायचा का, ते ठरवायचंय. तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

मला काय वाटतं... आणि मी चक्क शिकवायलाच लागले. आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र म्हणजे काय, हे वर्गात सांगताना वर्षानुवर्षं मी सिंगापूरचंच उदाहरण द्यायचे.

म्हटलं, एवढासा देश. शेती नाही, खनिजं नाहीत, पाणीसुद्धा काही शेजारच्या देशातून घ्यावं लागतं. तरी जगभरचे लोक विश्वासानं पैसा तिथं नेतात. कुणी करार मोडला तर कोर्टात नुसत्या तारखा पडत राहत नाहीत, नियम अचानक बदलत नाहीत. कर कमी, चलन स्थिर, कामकाज इंग्रजीत... सकाळी टोकियोशी बोलावं, दुपारनंतर लंडनशी. तुझ्या कामाला याहून चांगली जागा कुठली रे?

पंधरा-वीस मिनिटं बोलले असेन. एक मुद्दा सोडला नाही.

शेवटी तो म्हणाला, "हे मला माहितीये आई. मी इथंच काम करतो ना." मग बाहेर जायचंय म्हणून त्यानं फोन ठेवला.

काहीतरी चुकलं, एवढं कळलं... काय ते कळेना.

तेवढ्यात शेजारच्या शांताबाई शेवग्याच्या शेंगा द्यायला आल्या. माझा चेहरा बघून तिथंच टेकल्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"सिंगापूरचं लई सांगितलं बाई तुमी," त्या म्हणाल्या. "तुमाला काय वाटतंय, त्ये कुठं सांगितलं?"

"मी काय सांगू? परत ये म्हटलं तर त्याचं नुकसान."

"ये म्हना आसं म्या न्हाय म्हनत. पर पोरानं इचारलंय न्हवं? मग कामून लपवायचं?"

त्या गेल्यावर मी शेंगा चिरायला घेतल्या. संध्याकाळी घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून मी बातम्या लावून ठेवते, बघत नाही... हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मग मीच फोन लावला. म्हटलं, "मघाशी तू विचारलंस त्याचं उत्तर राहिलं. मला फार एकटं वाटतं, निखिल. तू अर्ज कर, मनापासून सांगते. पण तू लांब आहेस याची सवय मला अजून झालेली नाही."

"मलाही नाही झाली गं," तो म्हणाला. "शुक्रवारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत मी कधीकधी कुणाशीच बोलत नाही."

सहा वर्षांत पहिल्यांदा बोलला तो हे. त्या देशाची ताकद मला तोंडपाठ होती, आणि माझा मुलगा तिथं कसा राहतो हे ठाऊक नव्हतं...

परवा त्यानं अर्ज भरला. मीच भर म्हटलं होतं, तरी त्यानं कळवलं त्या संध्याकाळी बातम्यांचा आवाज मी जरा वाढवलाच. बाकी काही बदललेलं नाही. तो तिथं, मी इथं.

पण ठरवायच्या आधी त्यानं मला विचारलं. त्याचं मला किती बरं वाटलं, हे त्याला फोनवर सांगायचं राहूनच गेलं, म्हणून इथं लिहितेय. तो माझ्या पोस्टला कधी लाईक देत नाही... पण वाचतो, मला माहितीये.