चमकली की आणा

सुऱ्या बनवणारा माणूस सुऱ्यांना इतका घाबरत असेल, हे फिटरकाकांना पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. त्यांच्याकडून सुरी नेलेलं कुणी पाणीगेटच्या बाजारात भेटलं, की "केम छो" म्हणण्याआधी ते त्याची बोटं बघत. दहाच्या दहा जागेवर दिसली की मगच हसत. सुरी कधी कुणाच्या हातात देत नसत. समोर ठेवत आणि म्हणत, "उचला आता. सांभाळून हां."

वाघोडियाच्या एका कारखान्यात ते फिटर होते. नवी यंत्रं आली आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती माझी," असं ते म्हणत. मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी जुन्या करवतीच्या पात्यांच्या सुऱ्या करायला घेतल्या. गुजराती शेजारणी 'काकानो चप्पू' म्हणून मागून नेत.

मी तेव्हा लग्नांचे आणि पासपोर्टचे फोटो काढत असे. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने काकांना कळवलं, आधी सुऱ्यांचे चांगले फोटो पाठवा. पसंत पडले तर हॉटेलांसाठी वर्षभराचं काम. नाहीतर शेड बंद करून सावली गावातल्या एका गोदामावर चौकीदारी. "शुभाबेन, माझी अब्रू आता तुमच्या या डब्यात," माझ्या कॅमेऱ्याकडे बघत काका म्हणाले.

पॉलिश केलेल्या पोलादाचा फोटो म्हणजे आरशाचा फोटो. पहिल्या रोलमध्ये पात्यावर छताचा पंखा, माझं नाक आणि काकांचा घाबरलेला चेहरा एवढंच आलं. मग मी सुरीभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू केला आणि बाहेरून दिवा लावला. बोटाचा ठसा राहून गंज चढेल म्हणून काका दर फोटोआधी पातं पुसत, आणि पुसताना मला चार पावलं मागे उभं करत. दिवा इकडेतिकडे सरकवता सरकवता शेवटी धारेवर मुठीपासून टोकापर्यंत एक पांढरीशुभ्र रेघ उमटली. मी खूश झाले.

फोटो धुऊन आला. काकांनी तो बघितला आणि ते मटकन स्टुलावर बसले.

"ही बोथट आहे."

"अहो काका, तुमचीच सुरी आहे!"

त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. धार गेलेली एक सुरी उजेडात धरली. धारेवर बारीक रेघ चमकली. मग नवी धरली. काहीच दिसेना.

"खऱ्या धारेवर उजेडाला बसायला जागाच नसते, बेन. चमकली म्हणजे मेली."

"मुंबईत कुणाला कळणार आहे?" मी चिडले.

"जाणकार असेल तो हा फोटो बघून नाही म्हणेल. अजाण असेल तो हो म्हणेल, आणि पुढे धार गेली तरी चमकतेय म्हणून बोथट सुरी वापरत बसेल. बोथट सुरीच घसरते. कुणाची तरी बोटं जातील ना!"

मी दिवा हलवला, धारेसमोर काळा पुठ्ठा धरला. दिव्याने पाडलेली ती रेघ गेली. शेजारी टोमॅटोची कागदासारखी पातळ चकती ठेवली. फोटो खरा आला आणि, आता कबूल करते, अगदी मरगळलेला आला. काकांनी तोच पाठवला.

उत्तर माझ्या पत्त्यावर यायचं होतं, म्हणून पंधरा दिवस ते रोज माझ्या स्टुडिओत येऊन बसत. पोस्टमन दारावरून पुढे गेला की त्यांचा चेहरा बघवत नसे. शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं. माल फिका वाटतो.

सावलीला जाताना त्यांनी एक सुरी माझ्या काउंटरवर ठेवली. "चमकली की आणा." दोन-तीनदा मी नेलीही. मग एकदा गेले, तर गोदामाच्या गेटवर दुसराच माणूस बसला होता. काका वारून महिना झाला होता. मला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. मी तिथेच रडले.

तो चमकता फोटो मी फेकला नाही. नमुन्यांच्या अल्बममध्ये पहिला तोच लावला आणि त्याच्या जोरावर मला कारखान्यांच्या कॅटलॉगची कामं मिळाली. तोच मुंबईला गेला असता तर काका सावलीला गेले नसते का, हे अजून मनात येतं.

सुरीला आता बाजारातला धारवाला धार लावतो. चार दिवसही टिकत नाही. परवा सून स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. "आई, एवढी जुनी सुरी, पण धार बघा कशी चमकतेय!" ती कौतुकाने म्हणाली. मी हातातलं टाकून धावले आणि आधी तिची बोटं बघितली.