गवत म्हणून नोंदलेली नागली

जे पीक पेरलंच नव्हतं असं सरकारी दप्तर म्हणतं, ते बुडालं तर नुकसान कुणाचं झालं? उत्तर द्यायची घाई करू नका. मी घाई केली होती आणि हरसूलच्या डोंगरात तोंडावर आपटले.

नव्या शतकाची दोन-तीनच वर्षं उलटली होती. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी देवळाली कॅम्पहून बसने नाशिकच्या द्वारका चौकात उतरले. ट्रक, टेम्पो आणि रिक्षांच्या कलकलाटात मोरे सर जीप घेऊन उभे होते. उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून कुठल्या भागात कुठलं पीक किती, याचा अंदाज बांधणं हे त्यांचं काम. धान्य कमी येणार हे आधी कळलं तर रेशन कुठे वाढवायचं, काम कुठे काढायचं, हे वेळेवर ठरवता येतं. त्या दिवशी ते चित्र जमिनीशी ताडून पाहायला निघाले होते आणि मी त्यांच्या मागे लागून जीपमध्ये जागा मिळवली होती.

आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकंच जास्त. त्यामुळे निघण्याआधीच माझ्या वहीत मथळा तयार होता : ‘तलाठी खोटं लिहील, उपग्रह लिहिणार नाही!’

सरांनी तो वाचला. “उद्गारचिन्ह राहू दे,” ते म्हणाले, “बाकीचं संध्याकाळी बघू.”

गिरणाऱ्याच्या चौकात जीप अडली. द्राक्षांची छाटणी सुरू झालेली. डोंगरातून उतरलेली कुटुंबं रस्त्याच्या कडेला गाठोडी, पातेली आणि लेकरं घेऊन बसली होती. बागायतदार येत, माणसं मोजत, ट्रॅक्टरात चढवत. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी डोक्यावर तवा घेऊन उभी होती. गणवेश कशाला घातला, असं विचारलं तर म्हणाली, “धड असा हाच हाय.”

वाघेऱ्याचा घाट चढलो आणि हवा पालटली. खाली खाचरांत भात पिवळा होऊन वाकलेला. वरचे उतार मात्र फिकट, करपल्यासारखे. काल पडलेल्या सरीमुळे वाट निसरडी होती. एका पाड्याशी रस्ता संपला. त्या पाड्याचं नाव मी मुद्दाम देत नाही.

सरांनी बॉनेटवर चित्र पसरताच माणसं जमली. त्यांत सगळ्यांत पुढे हिराबाई. चाळिशीची, काटक, तोंडाने फटकळ.

“आमचं रान लाल कशानं केलं?”

“या चित्रात जितकं हिरवं, तितकं लाल दिसतं,” सर म्हणाले.

“आन् वरून एवढं दिसतंय तर तुमी खाली कशाला आलात?”

सगळे हसले. सरही हसले. “बाई, वरून रंग दिसतो. पिकाचं नाव दिसत नाही. ते विचारायला आलो.”

मग त्यांनी दुसरा कागद काढला. संगणकाने रंगांवरून पिकं ओळखून केलेला हा नकाशा. खाचरं हिरवी आणि वरचा सगळा माळ तपकिरी. हिराबाईने तपकिरी रंगावर बोट ठेवलं.

“हा आमचा माळ ना? इथं काय लिवलंय?”

“गवत,” सरांनी वाचलं.

“मंग आमी वरीसभर गवत खातो का, भाऊ?”

या वेळी कुणी हसलं नाही. कारण माळावर नागली होती (नागली म्हणजे आपली नाचणी). भाद्रपदात पावसाने ओढ दिली. खाचरांत पाणी साचलेलं असल्याने भात तगला, उतारावरची नागली कणसातच वाळली. हिराबाईला खाचर नाही. तिचं सगळं वर्ष त्या माळावर. रोजगार हमीचं काम निघालं तर ती गावात राहील आणि तिची सातवीतली मुलगी शाळेत. नाही निघालं तर दोघी द्राक्षांवर. आणि काम निघतं ते गावची पैसेवारी (पीक किती पदरात पडलं याचा सरकारी अंदाज) खाली आली तर. तलाठ्याच्या दप्तरात पीक म्हणून फक्त भात होता, माळावर गवत. भात चांगला, म्हणून गाव सुखी!

मी तडकले. “सर, तुमचा उपग्रह चुकला!”

“उपग्रहाने रंग बरोबर टिपला. त्याला गवत म्हणायचं हे संगणकाला आम्ही शिकवलं. इथे भात, इथे जंगल, इथे गवत, असे नमुने द्यावे लागतात. या डोंगरावर कुणी चढलं नव्हतं. नमुने तलाठ्याच्या नोंदवहीतून घेतले.”

“म्हणजे तलाठ्याचीच वही उपग्रहाला वाचून दाखवली?”

“हो. आणि वाचणारा मीच होतो.”

माझ्या वहीतला मथळा मला तिथेच टोचायला लागला.

आम्ही माळ चढलो. मी दोनदा घसरले, दुसऱ्यांदा थेट चिखलात बसले. “बाईला जमीन आवडली,” मागून कुणीतरी म्हणालं. वर पोचल्यावर सरांचा चेहरा मात्र उतरला. शेतं अगदी लहान. चित्रातला एकेक ठिपका म्हणजे जमिनीवरचं एखादं मोठं अंगण; एका ठिपक्यात दोघा-तिघांची शेतं येतात. “कुणाची नागली, कुणाची वरई, असं मिसळलेलं असेल तर यातून काही वेगळं निघणार नाही,” ते म्हणाले.

“बांध नका बघू,” हिराबाई म्हणाली. “माळ बघा.”

तिने जे सांगितलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाड्यातले जाणते एकत्र बसतात. कुठल्या माळावर यंदा नागली, कुठल्यावर वरई, कुठे खुरासणी (तेलाचं कारळं), कुठला माळ मोकळा ठेवायचा, हे ठरतं. मग त्या माळावर ज्याचं ज्याचं रान असेल, त्याने तेच पेरायचं.

“एकानं वरई पेरली नि दुसऱ्यानं नागली, तर राखण कशी व्हावी? वरई आधी निघती. ती निघाली की ढोरं सुटतात. मंग नागली ढोरांची!”

सर दगडावर बसले. “म्हणजे हा अख्खा उतार एकच शेत आहे.”

“मंग मी काय सांगते कवाची?”

एवढं मोठं शेत आकाशातून सहज दिसतं. सरांनी जीपीएस काढला. हातात मावणारं हे यंत्र, आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगतं. माळाच्या कडेने चालत जागोजागी नोंदी घ्यायच्या होत्या. अर्ध्या वाटेत त्याचे सेल संपले. जास्तीचे सेल द्वारकेला घ्यायचे राहिले होते. हिराबाईच्या दिराने खालून रेडिओ आणवला आणि त्यातले सेल काढून दिले. “आज बातम्या नाय ऐकत,” तो म्हणाला, “आज आमचीच बातमी हाय.”

काम संपल्यावर तिथेच जेवलो. नागलीची भाकर, उडदाचं भुजं (घट्ट, झणझणीत वरण) आणि खुरासणीची चटणी. भाकर गेल्या वर्षीच्या नागलीची होती, हे मला दुसरी खाल्ल्यावर कळलं.

“मंग आता काम निघंल?” हिराबाईने विचारलं.

सर खोटं बोलले नाहीत. “माझा नकाशा सुधारेल. त्याने पुढच्या वर्षीचे आकडे सुधारतील. यंदाची पैसेवारी ठरणार ती सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीवरून.”

मी चिडून काहीतरी मोठं बोलणार होते. हिराबाईने तोवर पदर खोचला होता. “आज हरसूलचा बाजार. तलाठी तिथंच असंल. चला.”

जीपमध्ये आठ बाया, प्रत्येकीच्या हातात वाळक्या कणसांची पेंढी. सर स्टिअरिंगला चिकटून, मी मागे कणसांत. पाड्याचा तलाठी बाजारात चहा पीत होता. मी त्याच्यात खलनायक शोधत होते. मला भेटला एक दमलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस.

“माळावर नागली असते, मला ठाऊक आहे की,” तो म्हणाला.

“मंग लिवली का नाय?”

“गेल्या साली लिहिलेली नव्हती. तीच नोंद यंदा उतरवली.”

“गेल्या साली जेवलात म्हणून औंदा जेवायचं थांबलात का, भाऊसाहेब?”

बाजारातली माणसं थांबून ऐकायला लागली. तलाठ्याने चहा खाली ठेवला. लेखी अर्ज लागेल, म्हणाला. मी वहीची पानं फाडली. आठ अर्ज लिहिले, आठ अंगठे घेतले. त्याने पोच द्यायला का कू केलं. हिराबाईने पेंढी त्याच्या टेबलावर ठेवली आणि तिथेच बसली. पोच मिळाली. सोमवारी येतो, असंही तो म्हणाला.

परतताना सरांनी मथळ्याचं विचारलं. मी तो खोडला होता. यंत्र आलं की खोटं संपेल, असं मला वाटत होतं. पण जी चूक कुणी जागेवर जाऊन सुधारत नाही, ती वहीतून यंत्रात जाते आणि तिथे ती विज्ञान म्हणून मिरवते.

सोमवारी तलाठी आला. गुडघा धरून चढला आणि माळावरच्या सगळ्या शेतांवर नागली लिहिली. पैसेवारी खाली आली. बांधबंदिस्तीचं काम निघालं, पण उशिरा. तोवर चार घरं उतरून गेली होती. हिराबाई थांबली होती. तिची मुलगी शाळेत होती.

आता तुमच्याकडे एक मागणं. या आठवड्यात आपल्या गावच्या तलाठ्याकडे जा. सातबारा काढा आणि पिकाचा रकाना मोठ्याने वाचा. वाचता येत नसेल त्या शेजाऱ्यालाही वाचून दाखवा. शेतात एक आणि कागदावर दुसरं असेल, तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तो येऊन शेत बघेपर्यंत त्याची पाठ सोडू नका.