नसीमच्या मापाचा बाण

मधल्या सुट्टीत भाईजानचा फोन आला. माझी शाळेपासूनची मैत्रीण नसीम, तिचा हा मोठा भाऊ पुण्यात असतो, एरवी मला कधी फोन करत नाही. "गंगू, नसीम गेली," तो म्हणाला. मी तेरच्या शाळेत शिकवते. समोर पोरं खिचडीच्या ताटल्या धुवत होती, आणि मी विचारलं काय, तर "कुठं गेली?" तापाचं निमित्त झालं होतं. जळकोटला तिचं सासर. तिथून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही. या गोष्टीला आता काही महिने होऊन गेले आहेत. तिच्याविषयी लिहायला बसले की आधी रडू येत नाही, लाज वाटते. ती का वाटते, तेच सांगायचं आहे.

आम्ही दोघी मुरुमच्या. माझे आईवडील शाळेची पायरी न चढलेले, मी घरातली पहिली पदवीधर. आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांना धनुर्विद्येचा नाद होता. शाळेमागच्या माळावर ते बांबूच्या धनुष्यांवर आमचा सराव घेत. मी उंच, हात लांब. नसीम माझ्या खांद्याला लागायची आणि मला 'उंटीण' म्हणायची. माळावरून म्हशी घेऊन जाणारा एक म्हातारा रोज विचारायचा, "काय गं पोरींनो, रानडुकरं मारायला शिकताव का?" नसीम म्हणायची, "व्हय काका, पण आधी तुमच्या म्हशीवर हात बसवणार." म्हातारा हसत म्हशी जरा लांबून न्यायचा.

आम्ही अकरावीत असताना भाईजाननं तिला पुण्याहून कार्बनचे बाण आणून दिले. आम्ही पेन्सिलीएवढे जाड बाण पाहिलेले, हे त्याहून बारीक, काळेभोर आणि हाताला वजनदार. परदेशात शिकारीसाठी असले बाण वापरतात, असं दुकानदारानं त्याला सांगितलं होतं. आपल्याकडं शिकारीला बंदी, पण आमच्या माळावरच्या वाऱ्याला हे बाण चांगले होते. अंग बारीक असलं की आडवा वारा कमी धरतो. घोळ झाला तो इन्सर्टचा. इन्सर्ट म्हणजे बाणाच्या पोकळ नळीत पुढून बसवायचा पितळी तुकडा, त्यात टोक फिरवून बसवतात. भाईजाननं आणलेले इन्सर्ट जाड बाणांचे निघाले. परत पाठवायचा धीर आम्हाला नव्हता. आम्ही ते पॉलिश पेपरवर घासत बसलो, इतके घासले की ढिले झाले. मग त्यांना शिवणाचा दोरा गुंडाळला. पहिलाच बाण ओढून काढला, तर टोक आणि इन्सर्ट दोन्ही, टार्गेट म्हणून लावलेल्या गवताच्या गठ्ठ्यातच राहिले. नसीम गठ्ठ्याला म्हणाली, "ठेव बाबा, तुलाच लाभू दे." शेवटी प्रयोगशाळेतलं व्हर्निअर मागून आणून आम्ही नळीचं आतलं माप घेतलं आणि भाईजानला कळवलं. त्या मापाचे इन्सर्ट आले ते बोटानं दाबले तरी नीट आत गेले.

मग बाणांची लांबी ठरवायची वेळ आली. धनुष्य हनुवटीपर्यंत ओढायचं आणि दुसरीनं पुढं खूण करायची. काळ्या कार्बनवर पेन उमटेना, म्हणून आम्ही व्हाइटनर घेतला. आधी नसीमनं ओढलं, मी खूण केली. मग गंमत म्हणून मीही ओढलं, तर तिची खूण माझ्या मुठीच्या कितीतरी मागं आली. माझ्याकडं बांबूचेच बाण होते. ती माझ्या हाताकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या मापावर कापू. दोघींना होतील."

मी म्हटलं, "बाण तुझे हायेत, नसीम."

"कापलेलं परत वाढत न्हाय, उंटीण. माझ्या मापावर कापले तर तुझ्या हातात घुसतील."

तिचं म्हणणं खरं होतं. आखूड बाण जास्त ओढला तर टोक मागं येऊन हाताला लागतं. लांब बाण आखूड हाताला चालतो, फक्त नीट चालत नाही. अर्धे-अर्धे केले असते तर स्पर्धेला दोघींनाही पुरले नसते. बाण माझ्या मापावर कापले गेले.

जिल्ह्याच्या निवडीत माझे बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात बसत होते, तिचे लांबच्या टार्गेटवर खाली उतरत होते. सर म्हणाले, "हिच्या हातात दम नाही." मी सांगितलं, "सर, बाण माझ्या मापाचे आहेत, तिला लांब होतात." नसीम लगेच म्हणाली, "उगंच बोलतीया ती, सर. बाण बरोबर हायेत." सरांनी तिचं ऐकलं... आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. निवड माझी झाली, पुढं मी राज्यापर्यंत गेले, खेळाडूंच्या राखीव जागेवर कॉलेजला प्रवेश मिळाला, पदवी झाली, नोकरी लागली. बारावीनंतर तिचं लग्न झालं. माझ्या सत्काराला ती जळकोटहून एसटीनं आली होती. मी बोलताना तिचं नाव घेतलं, तर पहिल्या रांगेतून ती हातानं 'पुरे' म्हणत होती.

मी खोटं बोलले नाही, तिचं काही हिरावून घेतलं नाही. कुणी विचारलं, तुझी चूक काय, तर मला दाखवता येणार नाही. पण ते बरं वाटणं आठवलं की मान खाली जाते.

गेल्या महिन्यात मी खालांना, म्हणजे तिच्या आईला, भेटायला मुरुमला गेले. त्यांनी पलंगाखालून बाणांचा लांब डबा काढला. "ले जा बेटा, तेरेच तीर हैं."

मी म्हटलं, "नाही खाला, हे नसीमचे आहेत. भाईजाननं तिला आणले होते."

"मेरेकू मालूम नहीं क्या? उसीनेच बोली थी, गंगू के हैं, संभाल के रखो." खाला डब्यावरची धूळ पदरानं पुसत होत्या. दुसऱ्यांदा खरं सांगितलं आणि दुसऱ्यांदा नसीमचंच ऐकलं गेलं. या वेळी मात्र बरं वाटलं नाही.

घरी येऊन डबा उघडला. एका बाणावर नसीमच्या मापाची व्हाइटनरची खूण अजून होती, जरा पिवळी पडलेली. तो बाण मी गरम पाण्यात धरून गोंद सैल केला, त्याचा इन्सर्ट सोडवला आणि फॅब्रिकेशनच्या दुकानात नेला. कार्बनची धूळ नाकात जाऊ नये म्हणून ओला रुमाल तोंडाला बांधत दुकानदार म्हणाला, "मॅडम, इथं कापला तर तुमच्या कामाचा राहणार न्हाय." मी म्हटलं, "खुणेवरच कापा." घरी इन्सर्ट परत बसवला, टोक फिरवून घट्ट केलं.

डबा आता माझ्या टेबलाशेजारी उभा असतो. झाकण काढलं की बाकीच्या बाणांची पिसं वर दिसतात, तो एक दिसत नाही. त्याच्यासाठी आत हात घालावा लागतो.