ऐन उन्हाळ्यात गरम पाण्याला

भावाचा फोन आला तेव्हा मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. मार्च संपत आला होता. अमरावतीत भर दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, कूलरमध्ये बादल्या ओतून माझी कंबर मोडली होती, आणि हा अकोल्याहून सांगतो, "ताई, दोन दिवस निवांत कुठं तरी जाऊन येऊ म्हनतो. लेकराले बी बाहेरची हवा लागन."

"जा न बाप्पा. कुठं चाल्ले?"

"माहूरले दर्शन घेऊ. अन् तिथून पुढं ते गरम पान्याचं कुंड हाये न, तिथं एक मुक्काम."

मला हसूच फुटलं. अकोल्याचा माणूस उन्हाळ्यात गरम पाण्याला जातो! या दिवसांत तिथं गच्चीवरच्या टाकीतून चहाचं आधण येतं. मी म्हटलं, "त्यापरीस टाकीतच उतर न. डिझेल तरी वाचन."

तो हसला नाही. म्हणाला, "तुले तिथलं सारं माहीत हाये न, म्हून म्हनलं तूच ठरव. राहाचं कुठं, पानी किती गरम रायते, लहान लेकराले चालते का..."

माझं हसू तिथंच थांबलं. मला तिथलं माहीत आहे हे खरं. का माहीत आहे, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही.

सांगूनच टाकते. मला कोड आहे. लहान होते तेव्हा ओठाच्या कडेला पहिला पांढरा डाग आला. आता दोन्ही हात, गळा आणि अर्धी हनुवटी पांढरी आहे. ते दुखत नाही, खुपत नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. दरवर्षी नव्या वर्गात पहिल्याच दिवशी, फळ्यावर गणित लिहायच्या आधी, मी पोरांना हे सांगून टाकते, म्हणजे वर्षभर कोणी माझ्या हाताकडे पाहत बसत नाही. पोरांना एकदा सांगितलं की पुरतं. मोठ्यांचं तसं नसतं.

त्या कुंडावर आईने मला लहानपणी दोन-तीनदा नेलं होतं. कोणीतरी तिला सांगितलं होतं की गंधकाचं पाणी आहे, कातडी पहिल्यासारखी होते. ती मला गळ्यापर्यंत पाण्यात बसवायची आणि वरून खांदे दाबून धरायची. "थोडं सोस व माय, थोडं सोस." मी किंचाळायचे. एकदा मला भोवळ आली तेव्हाच बाहेर काढलं. डाग होते तिथंच राहिले. अजूनही आंघोळीचं पाणी जरा जास्त गरम झालं की माझी छाती धडधडते.

"पोरीले काय झालं?" मी भावाला विचारलं.

"कोनाले? काई नाई. कुठं काय?" म्हणाला, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. बियाण्याचं दुकान आहे त्याचं. मार्चात तिथं माशी फिरकत नाही.

त्याची पोरगी सात-आठ महिन्यांची. आमच्या घरात फार वर्षांनी लेकरू आलं आणि मी तिच्यासाठी वेडी झाले, हे कबूल. शनिवारी शाळा सुटली की बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि अकोला गाठायचं. मला पाहिलं की ती आईच्या कडेवरून माझ्याकडे झेप घ्यायची, माझ्या हातांचा पांढरा रंग तिच्या गावीही नव्हता. माझ्याच खांद्यावर झोपायची. पण गेल्या महिन्यापासून काहीतरी बिनसलं होतं. गेले की भावजय म्हणायची, "आत्ताच झोपली, ताई." नाहीतर, "सर्दी हाये तिले." नाहीतर दूध पाजायचं म्हणून आत घेऊन जायची. मी मनात म्हणायचे, पहिलटकरीण आहे, लेकरू दुसऱ्याकडे द्यायला जीव होत नसेल. फोन ठेवल्यावर सगळं एकदम समजलं. लेकरू माझ्यापासून लपवत होते ते.

तरीही सहल मीच ठरवली. माहूरला खोली सांगितली, ओळखीच्या ड्रायव्हरला रविवारची गाडी सांगितली. नाही म्हटलं असतं तर ते मला न कळवता गेले असते आणि पोरीला त्या पाण्यात बसवून आले असते. दोरी आपल्या हातात असलेली बरी.

शनिवारी दुपारी अकोल्याला पोचले तर आई पिशवी भरत बसली होती. नारळ, ओटीचं सामान, पोरीची झबली, नवा टॉवेल. कूलर घरघरत होता तरी भिंतींची धग कमी नव्हती. आणि त्या उकाड्यात पोरीच्या डोक्याला टोपडं, तेही गालावरून ओढून हनुवटीखाली करकचून बांधलेलं. घामानं तिचं कपाळ लालबुंद झालं होतं.

"या गर्मीत टोपडं?"

"कूलरची हवा लागते न तिले," भावजय म्हणाली आणि पोरीला घेऊन उठायला लागली.

मी पुढं झाले आणि टोपड्याची गाठ ओढली. ती दचकून मागं सरली, पण टोपडं माझ्या हातात आलं होतं. ओठाच्या कडेपासून गालावर अंगठ्याएवढा फिकट डाग होता. माझा पहिला जिथं आला होता, अगदी तिथंच.

शाळेत पोरांना काय सांगते, स्वतःला काय सांगते, ते सगळं गळून पडलं. एकच वाटलं, देवा, हिला नको.

"कधीपासून हाये हे?"

भावजयीनं पोरीचा गाल हातानं झाकला. मग आईच म्हणाली, "उद्या नेऊन राहिलो न. लहान हाये तवरच नेलं त लवकर उतरते. तुले नेलं तवा मले उशीर झाल्ता."

इतकी वर्षं ती हेच धरून बसली होती. पाणी खोटं नव्हतं, आपल्यालाच उशीर झाला होता. मला तिची कीवही आली आणि असा संताप आला, की हातातलं टोपडं मी भिंतीवर भिरकावलं.

"किती वेळ बसवशीन पान्यात?"

"तिले सोसन तितकं."

"तिले सोसन तितकं? तिले बोलता येते का, आता पुरे म्हनाले? मले येत होतं, मी बोंबलत होती, तरी तू सोडलं का मले? कातडं निघन त्या लेकराचं!"

"ताई, हळू बोल," भाऊ खिडकी लावत म्हणाला.

"डॉक्टरले दाखवलं?"

भावानं मान हलवून नाही म्हटलं. शेवटी भावजय बोलली, पोरीला छातीशी घट्ट धरून. "तिथं बाहेर सारे ओळखीचे बसतेत, ताई. एकानं पाह्यलं त साऱ्या कॉलनीत होईन. पोरीची जात हाये. डाग गेला तरी नाव राहीन."

म्हणजे ही सहल यासाठी होती. देवाला निघालेल्या माणसाला कोणी विचारत नाही, लेकराला दोन दिवस फिरवून आणलं म्हटलं की झालं. कातडीच्या डॉक्टरच्या बाकावर एकदा बसलं की गळ्यात पाटी अडकते. तिचं म्हणणं मला समजलं. मला बघायला आलेले लोक चहा पिऊन कसे उठायचे, हे या घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? समजलं, म्हणूनच जास्त राग आला.

"मंग माह्या नावानं चला," मी म्हटलं. "मले दाखवाले आनलं म्हना. माह्यावर त लिहेलच हाये, कोन विचारते! अन् डॉक्टरनं पाह्यल्याबिगर उद्या गाडी येत नाई. मी सांगतली, मीच नाई म्हनीन."

भावानं आईकडे पाहिलं. आईनं खाली पाहिलं. भावजयीनं टोपडं उचललं, झटकलं आणि पोरीला परत बांधलं.

दवाखान्यात मी माझं नाव सांगितलं. बाकं भरलेली होती. मी एका टोकाला बसले, आई आणि भावजय समोरच्या बाकावर. भाऊ बाहेर उभा राहिला. त्यांच्या कॉलनीतली एक बाई तिथं निघालीच. "अवो, तुमी इथं कशा?" म्हणून तिनं आईला गाठलं.

"हे माही मोठी पोरगी," आई माझ्याकडे बोट करून म्हणाली. जराही अडखळली नाही. "हिले दाखवाले आनलं. जुनं हाये तिचं."

बाईनं माझे हात पाहिले, हनुवटी पाहिली, जिभेनं च् च् केलं. मी तिच्याकडे बघून हसले. भावजयीनं पोरीचं तोंड माझ्याकडून फिरवून तिला छातीशी घेतलं. नाटक चांगलं वठावं म्हणून घेतलं, की खरंच घेतलं, कोण जाणे. मी जमिनीवरच्या फरश्या पाहत राहिले.

नंबर आला. भावालाही आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी आधी माझेच हात धरले. "हे तर फार जुनं दिसतं."

"माझं नाही, हिचं पाहा," मी म्हटलं.

बाईंनी एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता पोरीचं टोपडं सोडलं. खोलीतला दिवा मालवला, हातातल्या छोट्या दिव्याच्या निळसर उजेडात तो गाल बराच वेळ पाहिला. पोरगी त्या उजेडाला पकडायला बघत होती. आईचे ओठ हलत होते, जप चालला होता. भाऊ भिंतीला टेकला.

"लाळ फार गळते का हिची?"

"हो, दात येऊन राहिले न," भावजय म्हणाली.

"इथं आधी लाल झालं होतं? सोलवटल्यासारखं?"

"झाल्तं."

बाईंनी दिवा लावला. "लाळेनं कातडी सोलवटली होती, आता भरून येताना रंग फिका पडलाय. येईल हळूहळू. गाल कोरडा ठेवा आणि हे टोपडं आधी फेका, त्यानं ओल धरते. कोड नाही हे."

आईनं गरम पाण्याचं विचारलं. बाई नुसत्या बघत राहिल्या. "एवढ्या बाळाला? भाजेल ना ते. अजिबात नाही."

सुटली पोरगी, मी मनात म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता.

आणि आईनं हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "वाचलो व बाप्पा! वाचवलं देवानं!" भावजय हसत होती आणि रडत होती. भावानं रुमालानं तोंड पुसलं. सगळे एकमेकांकडे बघत होते, माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. मी त्यांच्यातच उभी होते, पांढरे हात ओढणीत गुंडाळून. डॉक्टरीणबाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्या पटकन कागदावर काहीतरी लिहायला लागल्या.

जे मी मनात म्हटलं तेच आई बोलली होती. तरी तिचं 'वाचलो' माझ्या काळजात घुसलं. कशापासून वाचले हे? मी समोर उभी आहे, जेवते, कमावते, यांच्यासाठी नाव लावून दवाखान्यात बसते. माझ्यापासूनच वाचले न?

बाहेर रस्त्यावर आलो. ऊन अजून उतरलं नव्हतं. भाऊ एकदम मोकळा झाला होता. "ताई, गाडी सांगेलच हाये त चिखलदऱ्याले जाऊ न! या उन्हात गरम पान्यात कोन जाते बाप्पा!" आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. आई म्हणाली, "हो, थंड हवेत खेळीन माय माही."

भावजय माझ्याजवळ आली. पोरगी बिनटोपड्याची, केस घामानं चिकटलेले. तिनं तिला माझ्यापुढे धरलं. "घ्या न, ताई. किती दिवस झाले, तुमच्याकडे आलीच नाई."

जशी काही पोरगीच येत नव्हती.

"एक विचारू?" मी म्हटलं. "आतमधी डॉक्टरनं दुसरं सांगतलं असतं, त देली असती माह्याकडे?"

भावजय पुण्याकडची असती तर गोड बोलून वेळ मारून नेली असती. आमच्याकडची आहे. तिचे डोळे भरून आले, पण नजर काढली नाही तिनं.

"नसती देली, ताई. खोटं काहून बोलू? मले भेव लागते, तुमचं लागन म्हून."

महिन्याभरात त्या घरातलं हे पहिलं सरळ वाक्य. तिच्यावर मला राग आला नाही, खरंच नाही. पण राग तर आला होता, आईचा, भावाचा, त्या च् च् वालीचा, इतक्या वर्षांचा सगळा, आणि तो कुठं ठेवावा ते मला कळेना. तेवढ्यात पोरीनं मला नीट पाहिलं आणि सवयीनं दोन्ही हात पसरून झेप घेतली.

मी हात ओढणीतच ठेवले.

ती हवेत कलंडली. भावजयीनं कसंबसं सावरलं तिला. पोरीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा एकदा हात पुढे केले, खालचा ओठ बाहेर काढला आणि भोकाड पसरलं. महिनाभर कोणी कोणाला कोणापासून लांब ठेवलं होतं, हे त्या लेकराला कुठून कळणार? तिनं एवढंच पाहिलं, की आत्यानं तिला घेतलं नाही.