ताठ पाठीची पुस्तकं

माझी मावशी बाइंडर आहे. तीस वर्षं खळ आणि सुईदोरा हाताळून तिला एक खोड लागलीय. कुठल्याही पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवून ते किती वाचलंय, हे ती सांगते. वाचलेल्या पुस्तकाची पाठ मऊ पडते, म्हणते.

कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला वीस दिवस राहिले, तेव्हा तिच्या लेकीने चौथं गाइड मागितलं. "आई, सगळे म्हणतात हेच चांगलंय." मावशीने सवयीने आधीच्या तिन्ही गाइडांवरून अंगठा फिरवला. तिन्ही पाठी ताठ होत्या.

मावशी तोंडाची फटकळ, एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिने हळू आवाजात विचारलं, "वर्षभर दार लावून करत काय होतीस गं?"

लेक गाइडांकडे बघत म्हणाली, "पुस्तक उघडलं की कळतं, मला काहीच येत नाही. मिटलेलं असलं की वाटतं, येईल."

मावशीने पहिलं पुस्तक ओढलं, मधोमध उघडलं आणि तळहाताने दाबलं. पाठ कडकन वाजली. दोघीही दचकल्या.