काळ्या बाह्यांखालचे मोर

"हाथ ढांक! कॅमेरा चालू छे, हाथ ढांक!"

शेठाणी अशी ओरडली की कडोदऱ्याचे माग थांबले असतील आणि हजीऱ्याला लागलेली जहाजं उलटी फिरली असतील. मी थोडं वाढवून सांगतेय. फार नाही.

सुरतेत, पर्वत पाटियाजवळच्या आमच्या दुकानात मोबाइलवर लाइव्ह साड्या विकतात. शेठाणी बोलायची, मी पदर धरायची. माझं तोंड दिसत नसे. नुसते हात. आणि माझ्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. मोरांची जोडी, विंचू, मक्याच्या दाण्यांसारख्या ठिपक्यांच्या रांगा. म्हणून अ‍ॅक्टिवावरच्या पोरी उन्हासाठी घालतात तसल्या काळ्या बाह्या मी दुकानात, पंख्याखाली घालायची. अख्ख्या सुरतेत छपराखाली ऊन लागणारी बाई मी एकटीच. त्या दिवशी डावी बाही घसरली.

लाइव्ह बंद करून ती म्हणाली, "साव जंगली, अगदी रानटी. लोकांना वाटेल, साडीला मळ लागलाय."

माझ्या हातात होती ती साडी सांगते. पदरावर मोरांची जोडी, विंचू, ठिपके. 'ट्रायबल टॅटू कलेक्शन'. मागे एकदा शेठ म्हणाले होते, "बाह्या काढ जरा, फोटो घेतो." मला वाटलं, कौतुक चाललंय. मी हात वळवून वळवून दाखवले. विंचवाची नांगीसुद्धा.

शेठाणीने निकाल दिला. "लेसरवाल्याकडे जा. पैसे आम्ही देऊ. पुसून ये, नाहीतर येऊच नको."

शेजारी घड्या घालणारी सुनंदाबाई, शिरपूरकडची, हळूच म्हणाली, "जाई ये ना माय. पोट शे ना तुले."

गेले. खोटं कशाला सांगू. खोलीचं भाडं होतं, पोरीची शाळा होती.

लेसरवाल्याची खोली इतकी गार की मढं ठेवलं तर महिनाभर टिकेल. त्याने मोरावर बोट ठेवलं. "इथून सुरू करू?"

आणि आई दिसली. धडगावच्या वर, डोंगरात, ती गेली तेव्हा बायकांनी तिच्या अंगावरची चांदी उतरवली. गळ्यातली, हातातली, पायातली. सगळी. उरलं ते गोंदण, ते तिच्याबरोबर सरणावर गेलं. ते कुणाला उतरवता येत नाही, वाटून घेता येत नाही. आमच्यात म्हणतात, आधी गेलेली माणसं तुला त्यावरूनच ओळखतात. आजी तर सांगायची, वर देव पहार घेऊन बसलाय, कोरी कातडी दिसली की पहारेने गोंदतो. आजी माझ्यापेक्षा थापाडी. पण मला गोंदताना माझे हात तिनेच धरले होते. मी तिला कडकडून चावले. तिने सोडले नाहीत.

आणि मी तेच हात लेसरवाल्याच्या खुर्चीवर ठेवले होते. स्वतःहून. उताणे.

उठले.

"बेन, दुखत नाही," तो म्हणाला.

"गोंदताना दुखलं होतं."

बाह्या त्याच्या खुर्चीवरच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी लाइव्ह सुरू झालं आणि मी उघड्या हातांनी तोच पदर धरला. मोराशेजारी मोर. म्हणाले, "हे मोर माझ्या हातावरून उचललेत. साडीवरचे दाखवायचे, हातावरचे झाकायचे, असं इथे सांगतात."

शेठाणीने मोबाइल असा ओढला की स्टँड आडवा झाला. मग मला जिना दाखवला. सुनंदाबाई घड्या घालत राहिली.

संध्याकाळी शेठचा फोन. आवाजात एवढी साखर की कानाला मुंग्या लागाव्यात.

"बेन, घरातली बाई तापट आहे, मनावर घेऊ नको. गिऱ्हाइकांना तुझे हात फार आवडले. उद्या ये. बाह्या नकोत आता. रोज हातच दाखवू. साडीबरोबर मस्त दिसतात."

समोर पोरगी अभ्यास करत होती. भाडं तसंच होतं. मी हात बघितले. ते आता कुणाच्या सांगण्यावरून झाकायचे नाहीत, आणि कुणाच्या सांगण्यावरून उघडायचेही नाहीत.

"ये हं उद्या," शेठ म्हणाले.

"नाही शेठ. हे हात माझ्याबरोबर जळायचेत."